पाच व्होल्ट कोण खातंय? टेस्ट लीडच्या संचाबद्दल, आठ महिने वापरून

लिफ्ट आर्म छातीच्या वर गेले की हायड्रॉलिक लॉक. इंजिन चालूच, पण डिस्प्लेवर एकदम तीन बिघाडाचे कोड. बायपासने आर्म उतरवायचे, चावी बंद करून परत चालू करायची, की पुढचा अर्धा तास मशीन शहाण्यासारखं चालणार. स्किड स्टीअरचा, म्हणजे छोट्या लोडरचा, ऑपरेटर वैतागून म्हणाला, “दादा, प्रेशर सेन्सर दोनदा बदलून झालाय. आता कंट्रोलर बदला म्हणतायत.”

कंट्रोलर, म्हणजे मशीनचा कॉम्प्युटर, बदलावा लागला नाही. ज्या संचामुळे तो वाचला, त्याबद्दल हे लिहितोय. त्याच्यावर मोठं नाव नाही. प्लॅस्टिकच्या पेटीत २, ३, ४ आणि ६ पिनांच्या टी-लीड, बॅक-प्रोबच्या (कनेक्टर न काढता मागून आत घालून मोजायच्या) दहा पिना आणि ३ मीटरच्या दोन एक्स्टेन्शन वायरी, एवढाच ऐवज. टी-लीड म्हणजे सेन्सर आणि हार्नेसच्या (मशीनच्या वायरींच्या जुडग्याच्या) मध्ये बसणारा तुकडा. एका टोकाला मेल कनेक्टर, दुसऱ्याला फीमेल, आणि प्रत्येक पिनेचा एक फाटा मीटरसाठी बाहेर काढलेला. मशीन नेहमीसारखं चालतं आणि मीटर सगळं बघत राहतो.

हे का लागतं? त्या मशीनवर मुख्य कोड होता एसपीएन ३५०९, एफएमआय ४. एसपीएन सांगतो बिघाड कशात, एफएमआय सांगतो कसला. म्हणजे सेन्सर सप्लाय क्रमांक १ चा व्होल्टेज कमी. बाकीचे दोन कोड चार्ज प्रेशर आणि आर्मच्या कोनाचे, दोन्ही ‘सिग्नल कमी’ सांगणारे. तिन्ही एकाच क्षणी आले होते आणि खरा धागा तोच होता. कंट्रोलर ५ व्होल्टची एक लाइन काढतो आणि तिच्यावर बरेच सेन्सर बसवलेले असतात. प्रेशर सेन्सर त्याच ५ व्होल्टच्या प्रमाणात साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट परत पाठवतो. सप्लाय कोसळला की सगळ्यांचीच वाचनं कोसळतात. प्रेशर सेन्सरचा कोड बघून प्रेशर सेन्सर बदलणं म्हणजे घरभर दिवे मंद झाले म्हणून एक बल्ब बदलण्यासारखं.

आणखी एक गोष्ट, जी मला समजायला बरीच वर्षं लागली. सप्लाय कमी असल्याचा कोड कंट्रोलर स्वतःच्या पिनेवरचा व्होल्टेज बघून टाकतो. सेन्सरजवळच्या पिनेला हिरवी बुरशी चढून तिथे ४.२ व्होल्ट पोहोचत असतील, तर कंट्रोलरला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या पिनेवर ५ व्होल्टच आहेत, म्हणून तो त्या सेन्सरच्या सिग्नलबद्दल कुरकुर करेल, सप्लायबद्दल नाही. सप्लायचाच कोड आला, तर कुणीतरी लाइन खाली ओढतंय: सेन्सर आतून शॉर्ट, वायर चॅसीला लागलेली, कनेक्टरमध्ये पाणी. नाहीतर कंट्रोलरलाच बॅटरीचा सप्लाय किंवा अर्थ नीट मिळत नाही. मी सुरुवात या शेवटच्या शक्यतेपासून करतो, कारण ती दहा मिनिटांत निकाली निघते. या मशीनवर बॅटरी आणि कंट्रोलरचा अर्थ दोन्ही ठणठणीत होते.

मग ३ पिनांची लीड चार्ज प्रेशर सेन्सरला लावली. उभ्या मशीनवर ५.०२ व्होल्ट. साधारण ४.७५ ते ५.२५ च्या आत असेल तर मी लाइन ठीक धरतो, म्हणजे हे वाचन उत्तमच. कॅब उचलून, कनेक्टर काढून, प्रोब टेकवून बघणाऱ्याला हेच दिसलं असणार आणि त्याने ‘सप्लाय बरोबर आहे, सेन्सर खराब’ असा निष्कर्ष काढला असणार. त्याचं फार चुकलं असंही म्हणवत नाही. त्या क्षणी सप्लाय खरोखरच बरोबर होता.

इथे त्या ३ मीटरच्या वायरींनी काम केलं. फाट्यांना जोडून त्या कॅबच्या कडेने आत घेतल्या, कॅब खाली करून लॉक केली, मीटर मिन-मॅक्सवर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचन धरून ठेवणाऱ्या सेटिंगवर) ठेवून ऑपरेटरच्या शेजारच्या पॅनेलला टेपने चिकटवला. बेल्ट लावून, सीट बार खाली घेऊन त्याने आर्म हळूहळू उचलले आणि मी बाजूला लांब उभा राहिलो. आर्म छातीच्या वर गेले, मशीन लॉक झालं. मिनिमम ३.१ व्होल्ट. दोन सेन्सर आणि कित्येक दिवस खाऊन बसलेला प्रश्न त्या एका आकड्यात उघडा पडला.

पुढचं काम जुन्याच पद्धतीचं: एकेक सेन्सर काढायचा आणि तीच हालचाल पुन्हा करायची. काढलेल्या सेन्सरचा वेगळा कोड येतोच, त्याकडे तेवढ्यापुरतं दुर्लक्ष करायचं. कोनाच्या सेन्सरवर माझा दाट संशय होता. तो काढला, तरी व्होल्टेज तसाच पडला. संच नसता तर मी इथे फसलो असतो. सेन्सर काढला तरी त्याच्यापर्यंत जाणारी वायर लाइनवर असतेच, हे घाईत विसरायला होतं. मग कॅबखाली आर्मची आख्खी शाखा जिथे मुख्य हार्नेसला जुळते, तो कनेक्टर सोडला. आर्म वर, खाली, पुन्हा वर. मिनिमम ५.०१.

आर्म वर घेऊन त्यांचा सपोर्ट लॉक लावला, इंजिन बंद केलं आणि पिव्होटजवळची क्लॅम्प सोडली. कोरुगेटेड पाइप बाहेरून धड दिसत होता. आतल्या बाजूला, जिथे तो क्लॅम्पच्या कडेला टेकत होता, तिथे नखाएवढं भोक. त्यातून लाल पट्ट्याच्या वायरीचं तांबं दिसत होतं, घासून घासून चकचकीत झालेलं. आर्म खाली असताना त्या तांब्यात आणि क्लॅम्पच्या कडेत दोन-तीन मिलिमीटरची फट. आर्म वर गेले की हार्नेस ताणला जायचा आणि फट मिटायची. वायर जोडून चिकट लायनिंगची हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवली, क्लॅम्पला रबर लावलं आणि हार्नेसला थोडी ढील दिली. सहा महिने झाले, तो कोड परत आलेला नाही.

आता तक्रारी. बॅक-प्रोबच्या पिना वाईट आहेत, सरळच सांगतो. डॉइश डीटी या जातीच्या सीलबंद कनेक्टरच्या मागच्या रबरी सीलसाठी त्या फार जाड आहेत. एकदा घातली की सीलचं छिद्र पुरतं मिटत नाही, आणि लोडर तर रोज चिखलात आणि प्रेशर वॉशखाली जातो. आजचा कोड शोधताना तिथे पुढच्या पावसाळ्याचा कोड पेरायचा नाही. वायरीच्या आवरणाला टोचणं हा तर त्याहून मोठा गुन्हा. मी त्या पिना पेटीतून काढून टाकल्या आणि बारीक, बोथट टोकाच्या वेगळ्या आणल्या.

६ पिनांची लीड जॉयस्टिकच्या कनेक्टरला जरा सैल बसते. ती लावून एकदा ४.९१ दिसलं, हाताने दाबून धरल्यावर ५.०१. सैल लीडच खोटा ड्रॉप दाखवणार असेल तर शोध भरकटतो, म्हणून तिच्या टर्मिनलची तोंडं बारीक पिकाने आवळून घेतली. ३ आणि ४ पिनांच्या लीड मात्र पहिल्या दिवसापासून घट्ट आहेत आणि नव्वद टक्के काम त्यांच्यावरच होतं. झाकणातला पिनांचा तक्ता डिझेलच्या हातांनी पुसून गेला. तसाही तो बिनकामाचा होता, कारण कुठली पिन कशाची हे मशीनच्या वायरिंग डायग्रामवरूनच ठरवावं लागतं.

सगळ्यात खटकलेली गोष्ट फाट्यांची. त्यांची टोकं उघडी आहेत आणि मध्ये काहीच संरक्षण नाही. ५ व्होल्टचा फाटा चॅसीला लागला तर आपण शोधतोय तोच शॉर्ट आपणच केला. यावर मी केलेला उपाय सांगतो. प्रत्येक फाट्यात टोकाजवळ १ किलोओहमचा रेझिस्टर डागून वर हीटश्रिंक चढवली. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहम, त्यामुळे वाचनात दहा हजारात एक एवढाही फरक पडत नाही. आणि टोक चुकून लोखंडाला लागलं तर फार तर ५ मिलिअँपिअर वाहतील, तेवढ्याने लाइन हलत नाही. बनवणाऱ्यांनी हे कारखान्यातच करून द्यायला हवं होतं.

एवढं मात्र लक्षात ठेवा: रेझिस्टर घातलेल्या फाट्यातून करंट मोजता येत नाही आणि लोड टाकून तपासणीही होत नाही. त्यासाठी मी ३ पिनांची एक लीड मुद्दाम कोरी ठेवलीय, तिला पिवळी टेप गुंडाळून. आणि जुना टेस्ट लॅम्प या लाइनवर कधीच लावू नका. सेन्सर जिथे काही मिलिअँपिअर घेतात, तिथे फिलामेंटचा दिवा त्याच्या कित्येक पट ओढतो. माझा लॅम्प आता या पेटीत नसतो, तो बॅटरीच्या कामाच्या ड्रॉवरमध्ये असतो.