साक्षीदाराशिवाय मंत्र नाही : एका घरगुती काल्पनिक जगातला जादूचा कायदा, काही महिने वापरल्यानंतर

गेले कित्येक महिने आमचा गट पात्रांच्या भूमिका घेऊन, फासे टाकत ज्या काल्पनिक जगात खेळतो आहे, ते आमच्या गेम मास्टरने, म्हणजे खेळातले प्रसंग मांडून खेळ चालवणाऱ्याने, स्वतः रचलेले आहे. त्याचा नकाशा, त्यातले देव आणि राजघराणी यांच्याविषयी माझी तक्रार नाही आणि त्यांच्याविषयी मी येथे लिहिणारही नाही. हा अभिप्राय केवळ त्या जगातल्या जादूच्या कायद्याविषयी आहे. तो आता लिहिण्याचे कारण म्हणजे पाण्याने भरत चाललेल्या खाणीतले ते सत्र, ज्यात माझ्या जादूगाराला मंत्र पाठ होता, अंगात बळ होते, फासेही हातात होते, आणि तरीही एक सही मिळण्यासारखी नव्हती म्हणून आमचा वाटाड्या बुडाला.

व्यवस्था थोडक्यात सांगतो. मंत्रांच्या पाच श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीचे, म्हणजे दिवा लावणे किंवा ओले कपडे वाळवणे यांसारखे मंत्र कोणीही वापरावेत. दुसऱ्या श्रेणीचे परवानाधारकाने वहीत नोंदवावेत. तिसऱ्या श्रेणीला साक्षीदार लागतो, चौथ्या श्रेणीला मंत्रपरिषदेची पूर्वपरवानगी लागते आणि पाचव्या श्रेणीला, म्हणजे मृताला उठवणे, दुसऱ्याच्या मनाचा ताबा घेणे आणि काळ मागे फिरवणे यांना, संपूर्ण बंदी आहे. मंत्राची किंमत ‘श्वास’ नावाच्या गुणांत मोजली जाते आणि ते दिवसाला बारा मिळतात. तिसऱ्या श्रेणीच्या मंत्राला तीन श्वास खर्चून दोन फाशांवर नऊ किंवा अधिक आणावे लागतात, म्हणजे छत्तीसपैकी दहा शक्यता. वर आणखी एक श्वास दिला की मर्यादा आठवर येते आणि शक्यता पंधरा होतात, दुसरा दिला की एकवीस, तिसरा दिला की सव्वीस. दुसऱ्या जादा श्वासाने सहा शक्यता वाढतात, पहिल्याने आणि तिसऱ्याने पाच-पाचच. त्यामुळे दोन जादा श्वासांवर थांबणे हा काटकसरी जादूगाराचा धर्म ठरतो आणि मी तो निष्ठेने पाळतो. गणिताचा हा भाग निर्दोष आहे. पहिल्या सत्रापासून त्यात एकही दुरुस्ती लागलेली नाही.

कायद्याची अंमलबजावणी मागावर चालते. प्रत्येक मंत्र जागेवर आपला माग सोडतो आणि श्रेणीच्या वर्गाइतके दिवस तो टिकतो : पहिल्या श्रेणीचा एक दिवस, दुसरीचा चार, तिसरीचा नऊ, चौथीचा सोळा. परिषदेचे निरीक्षक स्वतः जादूगार नसतात, पण त्यांना माग वाचता येतो. कल्पना उत्तम आहे, आणि तिच्यामुळेच साक्षीदाराचे कलम इतके बोचते, कारण मोडलेला नियम लपवायला जागा उरत नाही.

ते कलम असे : साक्षीदार स्वतः जादूगार नसावा, त्याने मंत्र आरंभापासून अखेरपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला असावा, तीन दिवसांच्या आत वहीत सही करावी, आणि तो मंत्र टाकणाऱ्याच्या पगारावर नसावा. आमच्या गटात तीन जादूगार आहेत आणि एकच योद्धा. त्या योद्ध्याचे पात्र चालवणारी आमची मैत्रीण खाणीच्या सत्राला येऊ शकली नाही. गेम मास्टरचा शिरस्ता असा की गैरहजर खेळाडूचे पात्र तळावर सामान राखत बसते. परिणामी खाणीत कायदेशीर साक्षीदार होऊ शकेल असा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा वाटाड्या, आणि त्याला मी चार चांदीची नाणी आगाऊ दिलेली असल्यामुळे तो माझ्या पगारावर गणला गेला. त्याला फुकट राबवले असते तर तो साक्षीला पात्र ठरला असता. पैशाच्या बाबतीत माझा हात सहसा आखडलेलाच असतो, आणि एकदा सैल सोडला तर कायद्याने त्याचे असे पांग फेडले.

प्राणसंकटाची सवलत कायद्यात आहे, पण ती दुसऱ्या श्रेणीपर्यंतच. पाणी अडवणारी भिंत तिसऱ्या श्रेणीची. साक्षीशिवाय मंत्र टाकल्यास साठ नाण्यांचा दंड आणि सहा महिने तिसरी श्रेणी बंद, अशी तरतूद आहे. आम्ही वाद घालत राहिलो आणि गेम मास्टर शांतपणे पाण्याची पातळी वाढवत राहिला. अखेर मी मंत्र टाकला, फासे अकरा आले, भिंत उभी राहिली. वाटाड्या तोवर हाती लागण्यापलीकडे गेला होता. आठव्या दिवशी निरीक्षक आला. माग टिकण्याचा एकच दिवस शिल्लक असताना तो नेमका पोहोचला, हा योगायोग असल्याचे गेम मास्टर सांगतो आणि त्यासाठी टाकलेले फासे दाखवायला नकार देतो.

इतर खेळांत जादूला आवर कसा घालतात, हे येथे आठवणे अपरिहार्य आहे. १९७४ च्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये मंत्र एकदा वापरला की तो स्मरणातून जातो, म्हणजे आवर मोजणीचा. पुढच्याच वर्षी आलेल्या टनेल्स अँड ट्रोल्समध्ये मंत्राची किंमत पात्राच्या शक्तीतून वजा होते, म्हणजे आवर शरीराचा. आमचे श्वास याच कुळातले. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत नुकत्याच मेलेल्याला मिनिटाच्या आत परत आणायला तीनशे सुवर्णनाण्यांचा हिरा खर्ची पडतो आणि दहा दिवसांपर्यंतच्या मृताला पाचशेचा. हा आवर पैशाचा असून माझ्यासारख्याला तो सर्वाधिक कळतो. कायद्याने आवर घालण्याचा सर्वात विचारपूर्वक प्रयोग मात्र १९८७ च्या आर्स मॅजिकाचा आहे. त्यात जादूगारांचा संघ स्वतःच्या शपथेने बांधलेला असतो, दर सात वर्षांनी प्रादेशिक न्यायसभा भरतात, आणि बहिष्कृत जादूगाराविरुद्ध उरलेले सगळे मिळून मोहीम काढतात. तेथे जादूगारच जादूगारांचा न्याय करतात. आमच्या जगात तो अधिकार जादू न येणाऱ्यांच्या हाती आहे, आणि खाणीनंतर मला ही मांडणी शुद्ध दुष्टपणाची वाटत होती.

इथपर्यंतचा मजकूर त्यानंतरच्या सुनावणीच्या सत्रापूर्वी लिहून झाला होता. तो मी बदललेला नाही, पण त्याच्यापुढे काही जोडणे भाग आहे.

सुनावणीत योद्ध्याला साक्षीला बोलावले गेले. जी खाणीत नव्हतीच, ती काय सांगणार, असा माझा समज होता. तिने माझ्या वहीतल्या मागील सर्व सह्या पुढे ठेवल्या आणि प्रत्येक वेळी सही करण्यापूर्वी तिने मला काय विचारले होते ते परिषदेपुढे सांगितले : धरणावरच्या पहारेकऱ्यांना झोपवायचे असेल तर दरवाजे कोण सांभाळणार, धान्याच्या कोठाराला आग लागली तर भरपाई कोण देणार. त्या त्या वेळी हे प्रश्न मला केवळ खोळंबा वाटले होते. आता त्यांच्या आधारावर माझ्या परवान्यावरची सहा महिन्यांची बंदी उठली. काल्पनिक खेळांचे जुने दुखणे असे की वरच्या पातळ्यांवर जादूगार सगळेच करू लागतात आणि तलवार घेतलेला खेळाडू प्रेक्षक होऊन बसतो. येथे तलवार घेतलेल्या खेळाडूच्या होकारावाचून तिसऱ्या श्रेणीचे पानही हलत नाही. तिला एकही मंत्र येत नाही आणि तरीही जादूचा कोणताही मोठा निर्णय तिच्याशी बोलल्याखेरीज होत नाही. समतोल साधण्यासाठी योद्ध्याचे आकडे फुगवणारे खेळ मी पुष्कळ खेळलो आहे. नुसत्या सहीच्या अधिकाराने तो साधलेला मी प्रथमच पाहिला.

तिने याचा फायदा घेतला नाही, असेही नाही. सुनावणीनंतर तिने प्रत्येक सहीला दोन नाणी साक्षीशुल्क लावले आहे. ‘पगार’ या शब्दात शुल्क बसते की नाही, यावर कायदा मौन बाळगून आहे, आणि हा प्रश्न मी मुद्दाम उपस्थित करत नाही, कारण उत्तर ‘बसते’ असे आले तर आमच्याकडे साक्षीदारच उरणार नाही.

मिठाविषयीही लिहायला हवे. मिठाने माग पुसला जातो, एवढे एकच वाक्य नियमांत आहे. त्या एका वाक्यातून मिठावर परिषदेची मक्तेदारी आली, किनाऱ्यावर चोरटी मिठागरे आली, आणि खारवलेले मासे नेणाऱ्या प्रत्येक गाडीची झडती घेणारे नाके आले. हे सारे खेळता खेळता आपोआप वाढत गेले, आणि आमच्या मोहिमेतल्या निम्म्याहून अधिक भानगडी आता मिठाच्याच आहेत. त्या मानाने चौथ्या श्रेणीची पूर्वपरवानगी निरुपयोगी आहे. अर्ज राजधानीत करावा लागतो, उत्तर येईपर्यंत प्रसंग संपलेला असतो, आणि त्यामुळे ती श्रेणी अद्याप कोणी वापरलेली नाही.

माझ्या दोन मागण्या होत्या. पहिली अशी की खेळाडू गैरहजर असल्यास तिचे पात्र साक्षीपुरते दुसऱ्या कोणी चालवावे. ती मान्य झाली आहे, मात्र सही तिने स्वतः परतल्यावर, खेळातल्या तीन दिवसांच्या आतच करायची, या अटीवर. म्हणजे लागोपाठ दोन सत्रे ती आली नाही तर कलम पुन्हा जैसे थे. दुसरी अशी की प्राणसंकटाची सवलत तिसऱ्या श्रेणीपर्यंत वाढवावी आणि साक्षीऐवजी मागाहून लेखी निवेदन चालावे. तीही मंजूर झाली. त्या आधारे मी दंडाची साठ नाणी परत मागितली, तेव्हा दुरुस्ती पूर्वलक्षी प्रभावाने लागू होत नाही, असे उत्तर मिळाले. त्यावरचे माझे अपील परिषदेपुढे प्रलंबित आहे, आणि अपिलाचे शुल्क दहा नाणी आहे.