संखेड्याचं भिंतीवरचं शेल्फ: घ्यावं का, आणि घेतलंत तर त्यावर काय मांडावं

बडोद्यात संखेड्याचा, म्हणजे जवळच्याच संखेडा गावच्या लाख चढवलेल्या लाकडी कामाचा, झुला नाहीतर निदान एखादा बाजोठ (चौरंग) बऱ्याच घरांत असतो, पण भिंतीवर लावायचं शेल्फ मी कुणाकडेच बघितलं नव्हतं. दांडिया बाजारच्या आमच्या हॉलसाठी प्लायवर लॅमिनेट मारून करायचं चाललं होतं, सुताराने भावपण दिलेला, मग नणंद म्हणाली वहिनी एकदा संखेड्याला जाऊन बघा ना, पन्नासेक किलोमीटर तर आहे. गेलो आणि घेऊनच आलो.

तीन खणांचं आहे, सागवानाचं, मरून रंगावर सोनेरी वेलबुट्टी. हे सोनेरी म्हणजे सोनेरी रंग नव्हे बरं का, आधी कथलाच्या रंगाने चंदेरी नक्षी काढतात आणि वरून लाख चढली की ती सोन्यासारखी दिसायला लागते. कारागीर काकांनी खरादीवर, म्हणजे लेथवर, दांडी फिरवत ठेवून लाखेची कांडी नुसती दाबून धरली, घर्षणाने ती वितळून लाकडावर पसरत गेली आणि मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणली. मी तिथून हलायलाच तयार नव्हते. आमच्या शेल्फच्या दांड्यांवरच्या वेली हाताने काढलेल्या आहेत, एक पान जरा जाड एक जरा बारीक, आणि मला तेच फार आवडतं.

आता मांडणीचं. हे शेल्फ स्वतःच इतकं नटलेलं असतं की त्यावर कमीच ठेवायचं, नाहीतर जत्रेतलं दुकान वाटतं. रंगीबेरंगी कव्हरांची पुस्तकं मरूनवर अजिबात शोभत नाहीत, ती मी आतल्या खोलीत हलवली आणि इथे फक्त कापडी बांधणीची जुनी पुस्तकं, काही उभी काही आडवी, आणि आडव्या गठ्ठ्यावर सासूबाईंचा पितळी पानाचा डबा. पितळ या रंगावर असं काही उठून दिसतं ना! वरच्या खणात डावीकडे उंच समई, मधल्यात उजवीकडे आजेसासूबाईंचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली परत डावीकडे काचेच्या बाटलीत मनीप्लांट, म्हणजे नजर नागमोडी खाली उतरते, सगळ्या उंच वस्तू एकाच बाजूला आल्या की शेल्फ कललंय की काय असं वाटतं. प्रत्येक खणात निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. पाहुणे आले की हातातलं काहीतरी तिथे ठेवतातच, ते लगेच उचला.

तक्रार एकच पण मोठी. दुकानातून जे हुक आणि स्क्रू दिले ते अगदीच किरकोळ होते. आमची भिंत जुनी, विटा-चुन्याची, ड्रिल लावलं की भुगाच पडतो, त्यात ते स्क्रू काय धरणार. दुकानदार म्हणाला, बेन, कंई नहीं थाय. पण पितळेचं वजन त्यावर सोडायचा माझा जीव होईना, म्हणून लांब स्क्रू आणि जाड प्लग आणून मिस्त्रीकडून लावून घेतलं. एवढ्या सुंदर कामाबरोबर असलं फिटिंग देणं मला खरंच पटलं नाही. तुम्ही घेतलंत तर फिटिंगचं सामान आपलं आपण घ्या.

सांभाळायला तसं सोपं, पण लाख आहे हे विसरून चालणार नाही. गरम चहाचा कप टेकवायचा नाही, समई नुसती शोभेची, पेटवायची ती देवघरात. आणि सॅनिटायझर किंवा स्पिरिटवालं क्लिनर लांब ठेवा, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका पुसण्यात चकाकी जाते. खरादीच्या खाचांमध्ये धूळ बसते तिच्यासाठी मऊ ब्रश, बाकी कोरडं सुती फडकं पुरे.

साडेचार हजारात पडलं, प्लायवाल्यापेक्षा जास्तच, तरी मी परत हेच घेईन. बेडरूमसाठी दोन खणांचं सांगून ठेवलंय, आता आयव्हरीमध्येपण करतात, आणि या वेळी खोली दहा इंच सांगितलीय कारण हॉलमधल्या आठ इंचात मोठी पुस्तकं बाहेर डोकावतात.