गळ्यात नळी असलेल्या लेकराच्या नावावर आम्हाला 17,650 रुपयांना लुटलं

माझ्या मुलाच्या गळ्यात नळी आहे, ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्याला छिद्र करून बसवलेली. नागपूरहून सुट्टी देताना बुडेसोनाइडची, म्हणजे श्वासनलिकेची सूज कमी करणाऱ्या औषधाची, वाफ द्यायला सांगितलं होतं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, आडवळणाला. सुट्टीच्या आठवड्यातच एक माणूस दारात आला. मुलाचं नाव, वॉर्ड, औषध, सगळं त्याला तोंडपाठ. दवाखान्यानंच पाठवला असं वाटणार नाही तर काय?

'गळ्याच्या नळीची स्पेशल इम्पोर्टेड मशीन' 14,800 रुपयांना. वर मशीन नळीला जोडायचा अडॅप्टर 2,350, शिकवणी 500. कापूस नुकताच विकला होता, तेच पैसे गेले. 5,000 फोनवरून पाठवायला लावले, तेही तिसऱ्याच माणसाच्या नावावर. पक्कं बिल नाही, खोक्यावर एमआरपी नाही. बिल मागितलं तर 'ताई, व्हॉट्सॲपवर पाठवतो'.

त्यानं मास्क मुलाच्या नाकातोंडावर लावला. तो क्षण आठवला की अजून अंगाची आग होते. माझं लेकरू श्वास घेतं गळ्यातून, आणि वाफ चालली होती तोंडावर! मी विचारलंही. तो म्हणाला, 'ताई, नाकातून गेली काय न् गळ्यातून गेली काय, फुप्फुस तर एकच आहे ना.' तिथंच त्याला उठवायला हवं होतं. पण मुलाची छाती घरघरत होती. अशा वेळी कोणती आई वाद घालत बसेल? नंतर अडॅप्टर लावला तर नळीवर बसेना, त्यानं चिकटपट्टी गुंडाळून दिली. बहुतेक नळ्यांचं बाहेरचं तोंड 15 मिलिमीटरचं असतं. जोडणी घट्ट बसत नसेल तर घेऊच नका.

तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी मशीन पाहून कपाळाला हात लावला. ती अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी वाफ करणारी, निघाली. बुडेसोनाइडचं औषध पातळ द्रवात तरंगणाऱ्या कणांचं असतं, ते अशा मशीनमधून नीट उडत नाही. म्हणजे पाणी उडत होतं, औषध भांड्यातच राहत होतं! साधा कॉम्प्रेसरचा नेब्युलायझर, म्हणजे हवेच्या दाबानं औषधाची वाफ करणारं मशीन, दीड-दोन हजारांत मिळतो. त्याला टी-पीस (टी आकाराची जोडनळी) किंवा गळ्याचा मास्क लावतात. पंप (इनहेलर) लिहून दिला असेल तर नळीला जोडता येणारा स्पेसर, म्हणजे पंपाचं औषध धरून ठेवणारं पोकळ भांडं, मिळतो. नळीवर फिल्टर असेल तर औषध देताना तो काढायचा, नाहीतर औषध त्यातच अडकतं. हे सगळं वॉर्डातल्या सिस्टरकडूनच, सुट्टीच्या आधी, स्वतःच्या हातानं करून शिका.

पोलिसांत गेलो, तर 'हा दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.' दुसऱ्या एका कार्यालयात 'पक्कं बिल आणा.' बिल असतं तर रडत कशाला आलो असतो? तिसऱ्या ठिकाणी साहेब दौऱ्यावर, अर्जाची पोच द्यायलाही बाबू तयार नाही. लेकराच्या श्वासाशी खेळ झाला आणि एकानंही 'मूल कसं आहे' विचारलं नाही! मुलाचं नाव-वॉर्ड त्या माणसाला कोणी दिलं, हा प्रश्न तर कोणी कागदावरही घेतला नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि ती राहत्या जिल्ह्यातच करता येते, हेही आम्हाला एका ओळखीच्या वकिलाकडून कळलं.

फोनवरून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा, आम्ही उशीर केला. ग्राहक तक्रारीसाठी हेल्पलाइन 1915. नेब्युलायझर वैद्यकीय उपकरणात मोडतो, विकणाऱ्याकडे परवाना मागा. सुट्टीचा कागद कोणाही अनोळखी माणसाला दाखवू नका. आशाताई सांगत होत्या, तो माणूस आता शेजारच्या तालुक्यात फिरतोय. काळी बॅग, गोड बोलणं, 'ताई ताई'. दारात आला तर आधी पक्कं बिल मागा आणि त्याच्या गाडीचा नंबर टिपून ठेवा.