निर्यातीच्या नावाखाली २,०९,९०० रुपये गेले, चपलावाल्यांनो सावध राहा

२०२५ च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा या फॅशन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि आमच्या निपाणी भागात ‘तुमचा माल परदेशात विकून देतो’ म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले. त्यातल्या एकाने माझे २,०९,९०० रुपये खाल्ले. आकडा लपवत नाही. आपण लाजेनं गप्प बसतो म्हणूनच ही माणसं पुढच्या गावात जातात.

आयात-निर्यात कोडसाठी त्याने १४,५०० घेतले. सरकारी फी ५०० रुपये आहे, डीजीएफटीच्या, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार खात्याच्या, साइटवर घरबसल्या कोड निघतो. पण कोड खरा निघाला, म्हणूनच विश्वास बसला. मग जीआयचा, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणाऱ्या भौगोलिक मानांकनाचा, ‘अधिकृत वापरकर्ता’ करून देतो म्हणून २८,०००. त्याची सरकारी फी १० रुपये! कोल्हापुरीला २०१९ साली मिळालेल्या जीआयमध्ये बेळगाव जिल्हा आहेच, मधला माणूस कशाला लागतो? मग परदेशी पोर्टलवरच्या जाहिरातीचे, जीएसटी धरून, ३५,४००. वर नमुन्याचे ४० जोड, ९०० च्या दराने ३६,००० चा माल.

आणि ऑर्डर आली. मिलानचं दुकान, १,००० जोड. कागदावर एचएस कोड, म्हणजे माल कसला ते सांगणारा आकडा, ६४०२. ६४०२ म्हणजे रबर-प्लास्टिकची पादत्राणं. आमच्या प्रत्येक बिलावर ६४०३ असतो, चामड्याचा. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं हवं म्हणणारा माणूस प्लास्टिकची ऑर्डर कशी देईल? सगळं तिथंच उघडं पडलं होतं. मी विचारलं नाही असंही नाही, लगेच फोन लावला. ‘तिकडच्या क्लार्कची चूक’ म्हणाला आणि दहा मिनिटांत दुरुस्त पीडीएफ आली. रविवारी संध्याकाळी! मिलानच्या दुकानाची सही, शिक्का, सगळं दहा मिनिटांत. तो रविवार आठवला की अजून अंगाची लाही होते. पण हातात खरा कोड होता, आगाऊ रक्कम निघाल्याची स्विफ्टची, म्हणजे परदेशी बँकव्यवहाराची, पावती होती. माझ्या जागी कुणीही असता तरी पुढे गेला असता.

ती रक्कम सोडवायला म्हणे ९६,००० चा ‘बॉण्ड’. अण्णा तेवढे म्हणाले, “माल आपला, आणि पैसे बी आपणच द्यायचं व्हय?” सोसायटीचं कर्ज काढून भरले. दुसऱ्या दिवसापासून फोन बंद.

स्विफ्टची पीडीएफ म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या खात्यात जमा झाल्याचं आपल्या बँकेनं सांगितल्याशिवाय माल हलवू नका. एलसी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी, दाखवली तर तीही बँकेतच तपासून घ्या.

आता पोलीस ठाण्याचं ऐका. तक्रार मराठीत लिहून नेली, तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. ३०० रुपये देऊन टाइप करून नेली, तर म्हणाले, कंपनीचा पत्ता कोल्हापूरकडचा आहे, तिकडे जा. तिकडे गेलो, तर तुम्ही कर्नाटकातले, तिकडेच नोंदवा! पैसे गेले ते खातं तिसऱ्याच राज्यातलं. आम्ही सीमेवर राहतो हा आमचा गुन्हा आहे का? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात खबर नोंदवता येते. हे मी त्या साहेबांना वाचून दाखवलं. ‘आम्हाला कायदा शिकवू नका’ एवढंच उत्तर मिळालं. बँकेचा मॅनेजर म्हणतो, पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काय करणार? माझं कर्ज मात्र सोसायटी वेळेवर मागते. हातात तक्रार क्रमांक आहे, एफआयआर अजून नाही.

तोंडी तक्रारीवर कुणी बोळवण करत असेल तर लेखी द्या आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. कुणी आजच असा ‘बॉण्ड’ भरला असेल तर ठाण्याची वाट न बघता आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. पैसे काढून घेतले जाण्याआधीच गोठवता येतात.