टॉक्सिनचा दिवस पैसे वसूल, फिलरचा दिवस अर्धवट

बोटॉक्स (सुरकुत्यांसाठी स्नायू सैल करणारं टॉक्सिन) आणि फिलर (त्वचेखाली भरायचं जेल) टोचायला डॉक्टरांना शिकवणाऱ्या पुण्यातल्या दोन दिवसांच्या हॅण्ड्स-ऑन कोर्सचं हे परीक्षण. प्रवेश देताना मेडिकल कौन्सिलची नोंदणी खरोखर तपासतात. बॅच बारा जणांची आणि एका मॉडेलमागे (ज्याच्यावर सराव करतात त्या व्यक्तीमागे) तीन डॉक्टर, म्हणजे सुई प्रत्येकाच्या हातात येते.

पहिल्या दिवशी सकाळचा जवळजवळ सगळा वेळ औषध विरघळवण्यात जातो. कंटाळवाणं वाटतं, पण चुका इथेच होतात. १०० युनिटांच्या बोटॉक्स व्हायलमध्ये (औषधाच्या कुपीत) प्रिझर्वेटिव्ह नसलेलं २.५ मिली सलाइन घातलं की ०.१ मिलीत ४ युनिट येतात. व्हायलमधल्या निर्वातामुळे सलाइन आपोआप आत ओढलं जायला हवं. नाही ओढलं, तर ती व्हायल टाकून द्यायची. खरा घोळ U-100 इन्शुलिन सिरिंजचा. तिच्यावरच्या १० च्या खुणेला असतात ०.१ मिली, म्हणजे बोटॉक्सचे ४ युनिट, दहा नव्हेत. हा हिशेब प्रत्येकाकडून फळ्यावर करून घेतला. डिस्पोर्ट या दुसऱ्या ब्रँडच्या टॉक्सिनचे युनिट वेगळे, एकास एक बदलता येत नाहीत, हेही दोनदा बजावलं.

भुवयांमधल्या आठ्यांसाठी पाच बिंदू, प्रत्येकी ४, एकूण २० युनिट. मॉडेलला आठ्या घालायला लावून पेन्सिलने खुणा करतात, मग चेहरा सैल सोडायला सांगतात. बाहेरचे बिंदू भुवईखालच्या हाडाच्या कडेपासून किमान १ सेंमी वर. त्याखाली गेलं आणि औषध झिरपून पापणी उचलणाऱ्या लेव्हेटर स्नायूपर्यंत पोचलं, की पापणी लोंबते. फक्त कपाळाच्या रेषांवरच काम करू नका, हा सल्लाही नेमका: भुवया उचलणारा कपाळाचा स्नायू (फ्रॉन्टॅलिस) ढिला पडला आणि भुवया खाली ओढणारे स्नायू तसेच राहिले, तर भुवई खचते. इथवर तक्रारीला जागा नाही.

दुसरा दिवस फिलरचा, आणि तिथे घडी विसकटते. धमन्यांवरचं व्याख्यान उत्तम. नाकाच्या आणि भुवयांमधल्या धमन्या नेत्रधमनीशी जोडलेल्या असल्याने जेल उलटं ढकललं गेलं तर दृष्टी जाऊ शकते, हे आकृतीसकट पटवून दिलं. पण प्रात्यक्षिकात ‘सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त आलं नाही, म्हणजे जेल बिनधास्त सोडा’ असं सांगितलं गेलं. हे चूक आहे. सुईत आधीच घट्ट जेल भरलेलं असतं, त्यामुळे धमनीत असूनही रक्त दिसेलच असं नाही. कॅन्युलाबद्दलही (बोथट टोकाच्या नळीबद्दलही) तेच. २५ गेज किंवा त्याहून जाड असेल तर सुरक्षितता वाढते. २७ गेजची बारीक कॅन्युला जवळपास सुईसारखीच धमनीत घुसते. टेबलावर मात्र २७ चीच होती.

सगळ्यात मोठी उणीव हायल्युरोनिडेझची, म्हणजे हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर विरघळवणाऱ्या औषधाची. १५०० युनिटांची व्हायल दुरून दाखवली, फोडून विरघळवायला कुणालाच दिली नाही. फिलरने धमनी बंद झाली की ओठाशेजारची त्वचा पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, दाबून सोडल्यावर रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात. त्या वेळी किती युनिट, कुठे आणि तासाभराने पुन्हा किती, हे हाताला सवयीचं असावं लागतं. एकही सराव-ड्रिल झालं नाही. त्यात कॅल्शियम हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचं फिलर याच सत्रात शिकवलं. ते हायल्युरोनिडेझने विरघळत नाही. नवशिक्याच्या हातात ते द्यायची घाई का, कळत नाही.

जेवण चांगलं, प्रमाणपत्र चकचकीत. टॉक्सिनसाठी जरूर जा. फिलर मात्र या दोन दिवसांच्या भांडवलावर एकट्याने सुरू करू नका. निदान काही महिने अनुभवी हाताशेजारी बसा. नोंदणीआधी आयोजकांना एक गोष्ट विचारा: परिणाम पाहायला शिकणाऱ्यांनाही परत बोलावणार का? टॉक्सिनचा पूर्ण परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. मॉडेलना इथे चौदाव्या दिवशी परत बोलावतात, शिकणाऱ्यांना नाही. त्यामुळे आपल्या हाताने टोचलेली भुवई सरळ राहिली की एक बाजू वर चढली, हे बारापैकी कुणालाच पाहायला मिळत नाही.