धुळीच्या जोखमीचे मूल्यमापन करून देणारी सेवा : बेतोड्यातील लाकूडकाम कारखान्याचा अनुभव

फोंड्याजवळच्या बेतोडा औद्योगिक वसाहतीत आमचा लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. सागवान, फणस आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) या तिन्हींचे काम एकाच छपराखाली चालते आणि चतुर्थीच्या आधी चौरंग, मखरे व देव्हारे यांची मागणी वाढली की सँडर, म्हणजे लाकूड घासून गुळगुळीत करणारी यंत्रे, दिवसभर बंद होत नाहीत. यंदा एका खासगी सल्लागार सेवेकडून आम्ही धुळीच्या जोखमीची संपूर्ण पाहणी करून घेतली. तिच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते, कारण आपल्याकडच्या लहान कारखान्यांत हा विषय बहुधा मास्कच्या खोक्यापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

या मंडळींनी मास्कचा विषय सर्वांत शेवटी काढला, हीच मला त्यांच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रत्येक यंत्रापाशी उभे राहून मेस्त्री लाकूड कसे सरकवतात, धूळ नेमकी कुठून सुटते आणि ती कोणाच्या श्वासात जाते, हे त्यांनी आधी पाहिले. टेबल सॉपाशी त्यांनी खिडक्या झाकल्या, करवतीपुरता उजेड ठेवून बाकीचे दिवे मालवले आणि समोरून प्रखर विजेरीचा झोत टाकला. एरवी न दिसणारी बारीक धूळ त्या झोतात स्पष्ट दिसू लागली. टेबलाखालचा नळ भुसा व्यवस्थित ओढत होता, परंतु पात्याच्या वरच्या दात्यांकडून सुटणारा धुळीचा पट्टा मेस्त्रींच्या छातीवर आदळून मास्कच्या कडेने नाकाकडे चढत होता. पात्यावरच्या झाकणालाही स्वतंत्र शोषणनळी हवी, हे त्यानंतर कोणालाही पटवून द्यावे लागले नाही.

डोळ्यांना दिसले तेवढ्यावर न थांबता त्यांनी मोजणीही केली. मेस्त्रींच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ गाळणी लावून पाळीभर हवेचा नमुना घेतला जातो आणि गाळणीच्या आधीच्या व नंतरच्या वजनावरून धुळीचे प्रमाण काढले जाते. तुलनेसाठी त्यांनी ब्रिटनमधील मर्यादा घेतली. तिथे कठीण लाकडाच्या धुळीसाठी आठ तासांची सरासरी दर घनमीटर हवेत 3 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. युरोपीय संघात ती 2 मिलिग्रॅम आहे. आमच्या सँडिंगच्या टेबलाशी प्रमाण दोन्हींहून जास्त निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवू शकणाऱ्या पदार्थांच्या गटात ठेवली असून नाक व त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग तिच्याशी जोडलेला आहे, हे ठाऊक असताना तो आकडा वाचणे सोपे नव्हते.

सर्वांत गंभीर बाब मात्र एका कोपऱ्यात सापडली. पटाशा आणि रंध्याची पाती धार लावण्याचा ग्राइंडर भुसा ओढणाऱ्या नळालाच जोडलेला होता. ग्राइंडरची ठिणगी नळातून थेट बारीक भुशाच्या पिशवीत पोहोचू शकते आणि हवेत तरंगणारी लाकडाची बारीक धूळ अशा ठिणगीने स्फोटासारखी पेट घेते. त्यांनी ती जोडणी त्याच दिवशी, अहवालाची वाट न पाहता काढायला लावली. स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून नळांचे अर्थिंगही तपासले. दिवसअखेर कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रे आणि कपडे झटकण्याची पद्धत बंद करून योग्य फिल्टरचा औद्योगिक व्हॅक्यूम वापरावा, असे त्यांनी सुचवले, कारण हवेने झटकल्यावर बसलेली धूळ पुन्हा हवेत उडते. शोषणयंत्राची कापडी पिशवी कारखान्याच्या आतच टांगलेली होती. तिच्या विणीतून सर्वांत बारीक, म्हणजे सर्वांत घातक धूळ परत आतच येत होती.

1948 च्या कारखाने कायद्याच्या 14 व्या कलमाने धूळ जिथे निर्माण होते तिथेच, शक्य तितक्या जवळून ती ओढून घेण्याची अपेक्षा केली होती. या सेवेच्या शिफारशींचा क्रमही तसाच आहे: आधी उगमापाशी शोषण, मग कामाच्या पद्धतीत बदल आणि उरलेल्या धुळीसाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा, बारीक धूळ गाळणारा एफएफपी2 दर्जाचा मास्क. दाढी असल्यास तो नीट बसत नाही, हे त्यांनी मेस्त्रींना आदराने समजावले.

त्रुटीही आहेत. अहवाल फक्त इंग्रजीत आला. आमच्याकडील मेस्त्री मराठी आणि कोकणी, तर मदतनीस कन्नड व हिंदी बोलतात, त्यांच्यासाठी सोप्या भाषेतील सूचनापत्रक मागितल्यावरच मिळाले. सागाच्या धुळीने होणारी त्वचेची ॲलर्जी अहवालात एका ओळीत उरकली आहे, वास्तविक आमच्याकडची तीच रोजची तक्रार आहे. शुल्क लहान कारखान्याला जड वाटेल असे आहे, तरी मिळालेल्या कामाच्या मानाने मला ते योग्य वाटले.

मोठी उणीव हंगामाची आहे. मोजणी मे महिन्यात, दोन्ही दारे सताड उघडी असताना झाली. गोव्यात जून लागला की पावसाच्या झडीमुळे दारे ओढून घ्यावी लागतात, दमट भुसा पिशवीला चिकटून शोषण मंदावते आणि नेमका तोच काळ चतुर्थीच्या कामाच्या घाईचा असतो. पावसाळ्यातील फेरमोजणीसाठी त्यांनी वेगळे शुल्क सांगितले. ही सेवा घेणाऱ्यांनी फेरमोजणी आधीच करारात लिहून घ्यावी आणि तिच्यासाठी दारे बंद असलेला, सगळे सँडर चालू असलेला दिवस मागावा.