‘२५ हर्ट्झ’चा लॉगर घेताय? आधी फाइल मागा

ट्रॅक डेच्या (रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवण्याच्या दिवसाच्या) व्हिडिओवर वेग, आरपीएम, जी-फोर्स, लॅप टाइम आणि कोपऱ्यात ट्रॅकचा छोटासा नकाशा झळकवायचा, तर कॅमेऱ्याखेरीज दोन गोष्टी लागतात. गाडीची माहिती टिपणारा लॉगर आणि ती माहिती व्हिडिओवर चढवणारं सॉफ्टवेअर. एकाच विक्रेत्याने मला या दोन्ही गोष्टी एका किटमध्ये विकल्या आणि दोन्हींत गंडवलं. नाव देत नाही, कारण हेच किट वेगवेगळ्या नावांनी फिरतंय. लक्षणं सांगतो, ती जास्त कामाची.

जाहिरातीत दावे तीन होते. जीपीएस २५ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला २५ नोंदी. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती देणाऱ्या सॉकेटला) लावायचा ‘२.१ व्हर्जन’चा ब्लूटूथ डोंगल. आणि आजीवन लायसन्सचं सॉफ्टवेअर, ज्यात ब्रेकचा दाब आणि स्टिअरिंगचा कोनही दिसतो. नमुना व्हिडिओ तर असा की बघणारा लगेच ऑर्डर टाकेल.

हर्ट्झवर इतका जोर का, ते सांगतो. ताशी १८० किलोमीटरला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. नोंद सेकंदाला एकच असेल तर ब्रेकिंग पॉइंट (ब्रेक लावण्याची जागा) आणि टर्न-इन (वळायला सुरुवात करण्याची जागा) दोन्ही त्या ५० मीटरच्या फटीत गडप होतात. १० हर्ट्झला ही फट ५ मीटरची, २५ला फक्त २. लाइन (वळणातून गाडी नेण्याची वाट) आणि ब्रेकिंगची तुलना करायची तर हा आकडा खरा असायलाच हवा.

व्हिडिओत वेगाचा काटा अगदी लोण्यासारखा फिरायचा. पण नकाशावरचा ठिपका हेअरपिनला, म्हणजे अगदी तीव्र वळणाला, रस्ता सोडून गवतातून जायचा आणि तोही प्रत्येक लॅपला थोड्या वेगळ्या जागेवरून. विचारलं तर उत्तर आलं, ‘उपग्रह कमी मिळाले असतील, मोकळ्या आकाशाखाली वापरा.’ ट्रॅकवर आकाश याहून मोकळं कुठून आणायचं?

मग सॉफ्टवेअरमधून सीएसव्ही फाइल, म्हणजे नोंदींचा साधा तक्ता, काढली. ओळी सेकंदाला बरोबर २५. पण वेगाच्या रकान्यात लागोपाठच्या दोन ओळींमधला फरक काढला, तर तो २५ ओळी तंतोतंत तोच, मग एकदम बदलणार आणि पुढच्या २५ ओळी पुन्हा तोच. अक्षांश-रेखांशांचंही तसंच. दिशा २५ ओळी स्थिर आणि मग एका झटक्यात कित्येक अंशांनी वळलेली. खरी गाडी अशी वळत नाही. सेकंदाची एक खरी नोंद घेऊन मधल्या २४ गणिताने भरल्या होत्या. गवतातून जाणारा ठिपका म्हणजे दोन खऱ्या नोंदींना जोडणारी सरळ रेघ. वळणातला किमान वेग तर जवळपास प्रत्येक ठिकाणी खऱ्यापेक्षा जास्त दिसत होता, कारण नेमका तो क्षण दोन नोंदींच्या मध्ये हरवायचा.

मधले आकडे गणिताने काढणं हीच लबाडी, असं मात्र समजू नका. फिनिश लाइन सहसा दोन नोंदींच्या मध्येच ओलांडली जाते आणि ती वेळ चांगली ॲप्सही अशीच काढतात. व्हिडिओत काटा गुळगुळीत फिरावा म्हणूनही हे सर्रास होतं. लबाडी आहे ती भरलेल्या ओळी मोजलेल्या म्हणून विकण्यात.

डबा उघडला तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. आत होतं निओ-६एम, छंदी लोकांच्या प्रकल्पांत दिसणारं जुनं जीपीएस मॉड्यूल. त्याचा कमाल दरच ५ हर्ट्झ आणि कारखान्यातून येतं ते १ हर्ट्झवर. ते लावलेलंही तसंच. शिवाय त्याची सीरियल लाइन ९६०० बॉडवर (बॉड म्हणजे डेटा पाठवण्याच्या वेगाचं माप) होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं. जागा, वेळ आणि वेग देणारं एक आरएमसी वाक्य (जीपीएसच्या नोंदीची ठरलेली ओळ) साधारण ७० अक्षरांचं. म्हणजे दुसरं काहीही न पाठवता सेकंदाला तेराच वाक्यं. त्या तारेतून २५ जाणं शक्यच नव्हतं.

डोंगलची तऱ्हा निराळी. अशा डोंगलांत असणाऱ्या ईएलएम ३२७ या चिपच्या नकला इतक्या झाल्यात की खोक्यावरच्या व्हर्जनला अर्थ उरलेला नाही. ‘१.५’ तर मूळ कंपनीने कधी काढलंच नव्हतं, तरी ते छापलेले डोंगल ढिगाने मिळतात. माझा डोंगल २.१ म्हणून विकलेला, पण त्या व्हर्जनला यायलाच हव्यात अशा काही कमांडना नुसतं प्रश्नचिन्ह परत करायचा. इथे वेगही महत्त्वाचा. ओबीडीत प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, तेव्हा उत्तर येतं. आरपीएम, थ्रॉटल, तापमान असे जितके प्रश्न वाढवाल, तितकं प्रत्येकाचं उत्तर उशिरा. आणि ओबीडीचा वेग पूर्ण किलोमीटरमध्येच येतो, त्यामुळे कच्चा आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसायला हवा. माझ्या फाइलमध्ये ‘ओबीडी वेग’ या नावाखाली दशांशासकट सुरेख वक्ररेषा होती!

सगळ्यात राग आला तो व्हिडिओवर ब्रेकचा दाब दाखवणाऱ्या पट्टीचा. ब्रेकचा दाब आणि स्टिअरिंगचा कोन ओबीडीच्या नेहमीच्या यादीत येतच नाहीत. ते हवे असतील तर त्या मॉडेलचे कॅन बसवरचे (गाडीच्या अंतर्गत नेटवर्कवरचे) खास संदेश वाचावे लागतात, नाहीतर वेगळा सेन्सर बसवावा लागतो. मी उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून पेडल पूर्ण दाबलं. पट्टी ढिम्म. उलट व्हिडिओत चढावर नुसता ॲक्सिलरेटर सोडला की पट्टी लाल होऊन वर चढायची, आणि पायाकडे लावलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्यात पाय ब्रेकवर नसायचा. वेग कमी झाला की ब्रेक लागला, इतकंच त्या सॉफ्टवेअरचं शहाणपण. याच पट्टीवरून मी ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत जाणं) सुधारत बसलो होतो. सोबत बसणाऱ्या प्रशिक्षकांनी विचारलं, ‘इथे ब्रेक लवकर का सोडताय?’ तेव्हा मी त्यांनाच पट्टी दाखवून वाद घातला.

विक्रेत्याकडे प्रत्येक तक्रारीवर एक अर्धसत्य तयार असे. व्हिडिओ आणि डेटा हळूहळू सरकतात म्हटलं, तर ‘कॅमेऱ्याचा दोष.’ यात तथ्य होतं. कॅमेरा २९.९७ फ्रेमने टिपत असेल आणि सॉफ्टवेअर ३० धरत असेल, तर वीस मिनिटांच्या सेशनमध्ये सुमारे १.२ सेकंदांचा फरक पडतो. पण हे एक खरं उत्तर त्याने पुढे सगळीकडे वापरलं. ब्रेकची पट्टी खोटी? कॅमेरा. ठिपका गवतात? कॅमेरा. मधूनमधून ‘फर्मवेअर अपडेट येतंय’ असायचंच. तोवर परतीची मुदत संपली. धंद्याची मेख इथेच आहे. हे सामान ट्रॅकवर गेल्याशिवाय नीट तपासता येत नाही, आणि पुढचा ट्रॅक डे येईपर्यंत परतीची खिडकी बंद झालेली असते.

म्हणून पैसे देण्याआधी नमुना व्हिडिओची मूळ डेटा फाइल मागा. मी खूप उशिरा मागितली, तर ‘गोपनीय’ असं उत्तर आलं. ज्याचं सामान खरं आहे, तो एका लॅपची फाइल द्यायला कां कूं करणार नाही. आणि किट हातात आल्यावर ट्रॅकची वाट न पाहता रिकाम्या पार्किंगमध्ये जोरात आठचे आकडे काढा. वेगाच्या फरकाचा रकाना तिथेच बोलतो.

पैशाचं म्हणाल, तर कार्ड कंपनीकडे तक्रार केली ती ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ या प्रकारात. सोबत जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सीएसव्हीच्या ५० ओळी आणि मॉड्यूलचा फोटो जोडला. हार्डवेअरचे पैसे परत आले. सॉफ्टवेअरचं बिल विक्रेत्याने आधीच वेगळं फाडलं होतं. लायसन्स सुरू करून वापरलं, या कारणावर ते पैसे मात्र बुडाले.